फोनची नवी आवृत्ती आणि आमची आत्या



वसंतातल्या या मांडवात इतिहास, अर्थकारण, झालेच तर तत्त्वज्ञान, यांवर बोलण्याची वहिवाट आहे. तेथे उभे राहून आम्ही खिशातल्या फोनविषयी बोलणार, हे पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु एखाद्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली की तिचे परीक्षण आपण लिहितोच ना? काय सुधारले, कोणत्या चुका जशाच्या तशा राहिल्या, हे सांगतोच ना? मग ज्या वस्तूवर आपले पैसे, आपली पत्रे आणि औषधांच्या वेळा अवलंबून आहेत, तिच्या अंतर्गत आज्ञावलीची नवी आवृत्ती येते, तिचे परीक्षण का नको? अशी परीक्षणे लिहिली जातात, नाही असे नाही; पण ती लिहिणारे बहुधा पंचविशीतले आणि नजर धड असलेले. आम्ही आज तेच काम आमच्या आत्याच्या डोळ्यांनी करणार आहो.

आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. वाईच्या शाळेत तिने हयातभर मराठी शिकविले. रात्री जागून वह्या तपासल्या, त्याचे व्याज म्हणून की काय, उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा विकार जडला. वाचता येते, पण अक्षर मोठे लागते. तिच्या फोनमध्ये अँड्रॉइडची चौदावी आवृत्ती आली. गूगलने ती ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेर काढली. आमच्या घरी पोचावयास तिला काही महिने लागले, कारण मूळ आवृत्ती गूगल करते आणि फोन बनविणारी प्रत्येक कंपनी तिला आपला साज चढवून मग पुढे धाडते. पुण्याहून निघालेली वरात वाटेत चार ठिकाणी थांबावी, तसे हे आहे.

या आवृत्तीतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली सुधारणा जाहिरातीत दिसत नाही. ती अक्षराची आहे. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनांवर पूर्वी अक्षर मुळाच्या १३० टक्क्यांपर्यंत वाढविता येई; आता ते २०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट करता येते. यातली खरी खुबी दुपटीत नाही. पूर्वी सगळी अक्षरे एकाच प्रमाणात फुगत. बारीक मजकूर वाचण्याजोगा होईपर्यंत मथळा पडद्याबाहेर जाई. आता लहान अक्षर अधिक वाढते आणि मूळचेच मोठे असलेले अक्षर कमी वाढते. म्हणजे ज्याला खाण्याची गरज आहे त्याच्या पानात जास्त वाढावयाचे, इतका साधा विचार आहे. पण तो कोणाला तरी सुचला, आणि त्याने तो कोट्यवधी फोनांत घातला, याबद्दल त्याला दुवा दिला पाहिजे.

आत्याने त्या दिवशी भाचीचा निरोप स्वतः वाचला. आम्ही म्हटले, "आत्या, काय लिहिलंय गं?" ती म्हणाली, "ते मी का सांगू तुला?" आम्ही चपापलो. गेली दोन वर्षे तिच्या नावाने आलेला प्रत्येक निरोप आधी आम्ही वाचीत होतो आणि मग तिला ऐकवीत होतो. त्यात उपकार किती आणि दरोडा किती, हा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता.

मागल्या काही आवृत्त्यांनी दिलेले देणेही येथे नोंदवून टाकू. २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून एखाद्या ॲपला कॅमेरा किंवा ठावठिकाणा केवळ त्या वेळेपुरता वापरू देता येतो. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून कॅमेरा वा ध्वनिग्राहक चालू असला की कोपऱ्यात हिरवी खूण उमटते. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून नव्या ॲपला सूचनांचा भडिमार करण्यापूर्वी तुमची अनुज्ञा मागावी लागते. ही सर्व कामे चांगली झाली. तेराव्या आवृत्तीने आणखी एक सोय केली : सगळा फोन इंग्रजीत ठेवून एखादेच ॲप मराठीत चालविता येते. आत्याला नेमके हेच हवे होते. फोनच्या इंग्रजी खाणाखुणा तिला पाठ होत्या, पण पैशाचा व्यवहार तिला मराठीत पाहिजे होता. आम्ही उत्साहाने तिच्या बँकेच्या ॲपची भाषांची यादी उघडली. तीत मराठी नव्हती! महाराष्ट्रात शाखा असलेली, महाराष्ट्रातल्या शिक्षकांचे निवृत्तिवेतन सांभाळणारी बँक. तिचे नाव आम्ही घेत नाही. गूगलने दार केले, पण दारातून आत यावयाचे की नाही हे ॲप करणाराच ठरवितो.

आणि येथूनच आमच्या गाऱ्हाण्याला सुरुवात होते.

अक्षर दुप्पट केले आणि दुसऱ्या दिवशी आत्या दूधवाल्याचे पैसे द्यावयास बसली. रक्कम टंकलेली स्पष्ट दिसत होती. पण खालचे पुढे जाण्याचे बटण नाहीसे झाले होते. ते पडद्याच्या तळाखाली गेले होते आणि पान वर सरकत नव्हते. आत्याने विचारले, "अरे, अक्षर मोठं झालं, पण वाक्य अर्ध्यावर कुठे गेलं?"

याचे कारण गूढ नाही. ॲप रचणाऱ्याला दोन मापे उपलब्ध असतात : एक वाचकाच्या पसंतीबरोबर वाढणारे, अक्षरांसाठी, दुसरे स्थिर, चौकटी आणि मोकळ्या जागा यांसाठी. अक्षर वाढत्या मापाने आणि त्याभोवतीची चौकट स्थिर मापाने बांधली, आणि पान सरकण्याची सोय ठेवली नाही, की अक्षर वाढताच कोणीतरी घराबाहेर पडणार. त्यात आपली लिपी मजल्यांची. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. रोमन अक्षराच्या बेताने कापलेल्या चौकटीत देवनागरी शिरली, की तिच्या डोक्याला तरी लागते, नाहीतर पायाला.

यावर फोनमध्ये तोड आहे. चौदाव्या आवृत्तीत अक्षराचा आकार बदलण्याची कळ वरच्या झटपट कळपट्टीत आणून ठेवता येते. आत्या ती शिकली. पैसे देण्यापूर्वी अक्षर लहान करावयाचे, दिले की मोठे करावयाचे. पण श्रोतेहो, जरा विचार करा. अक्षर लहान केले की बटण दिसते आणि रक्कम दिसत नाही! जी गोष्ट वाचण्यासाठी हा सारा खटाटोप, तीच नेमक्या क्षणी अंधुक होते. एकदा पाचशेच्या जागी पाच हजार गेले. एक शून्य अधिक पडले होते आणि ते तिला दिसले नाही. दूधवाला सज्जन, त्याने संध्याकाळी दारात येऊन पैसे परत केले. पण त्या दिवसापासून आत्याने फोन पुन्हा आमच्या हाती दिला. "तूच दे," एवढेच म्हणाली. तिच्या तोंडचे ते दोन शब्द आम्हाला पाच हजारांहून जड गेले.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांची ही हौस पुरविण्यास बँक बांधलेली आहे काय? हौस म्हणू नका. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढविला तरी त्यातले काहीही हरवू नये आणि कोणतेही काम अडू नये, हा दंडक वेबच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत २००८ सालीच लिहिला गेला. आपल्याकडे अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. सुगम्यतेचे भारतीय मानक, आयएस १७८०२, त्याचा पहिला भाग २०२१ चा. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व दृष्टिबाधित नागरिकांच्या अर्जांवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ते अर्ज बँकांत ओळख पटवून देण्याच्या रीतीविषयी होते. आमच्या आत्याचे बटण त्या निकालपत्रात नाही, हे आम्ही जाणतो. पण तिच्याच आळीतले ते प्रकरण आहे.

दुसरे गाऱ्हाणे थोडक्यात सांगतो. आत्याच्या फोनला यापुढे नवी आवृत्ती मिळणार नाही, असे तो बनविणाऱ्या कंपनीने ठरविले आहे. फोन उत्तम चालतो, काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षांचे वचन दिले. युरोपात २० जून २०२५ पासून, विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षे सुधारणा पुरविण्याचा नियम लागू झाला. पण महाग फोनाचे आयुष्य लांबले म्हणून स्वस्त फोनाचे लांबत नाही, आणि निवृत्तिवेतनातून घेतला जातो तो स्वस्त फोन.

आम्ही बँकेला दोन पत्रे लिहिली. पहिल्याला आभाराचे छापील उत्तर आले. दुसऱ्यासोबत आम्ही पडद्याचे चित्र जोडले, आणि आत्याने त्यावर, जुन्या सवयीने, बटणाच्या रिकाम्या जागी तांबडी खूण करून दिली. गेल्या महिन्यात ॲपची नवी आवृत्ती आली. भाषांच्या यादीत मराठी दाखल झाली आहे. बटणही वर आले आहे. त्यावर 'पुढे' असे लिहिलेले आहे, मात्र दुप्पट आकारात चौकटीचा तळ प चा उकार कापून टाकतो.

आत्याने ते डोळ्यांजवळ धरून वाचले आणि म्हणाली, "अरे, हा मला 'पढे' म्हणतोय. हिंदीत का होईना, वाच म्हणतोय!" मग तिने रक्कम वाचली, मोठ्याने, एकेक शून्य मोजीत, आणि बटण दाबले.