२४० दिवसांचा हिशेब



आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. आमच्याआधी येऊन शाखा झाडणारा, दिवसभर फायली पोचवणारा मुलगा मात्र हजेरीपटावर नसतो. त्याची रोजंदारी व्हाउचरवर निघते, कधी दुसऱ्याच्याच नावाने. २४० दिवस भरत आले की त्याला घरी बसवतात. हे आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो.

हा आकडा का? बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याला काढायचे तर महिन्याची नोटीस वा तिचा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातले हे संरक्षण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मात्र २४० दिवस भरले म्हणजे नोकरी कायम झाली, हा गैरसमज आहे. केवळ अनेक वर्षे हंगामी काम केल्याने सार्वजनिक सेवेत कायमपणाचा हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी खटल्यात सांगितले.

आता अशी कामे ठेकेदाराकडे जात आहेत. शिपायाच्या कायम जागेला आरक्षण होते. ठेकेदाराच्या माणसाला ते नाही. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळले, त्यांच्या लेकरांनी तरी हे समजून घ्यावे.

विद्यार्थ्यांनो, घरात कोणी असे काम करीत असेल तर त्याला एक वही द्या. तारीख, काम, मिळालेले पैसे रोज लिहायला सांगा. कोर्टात दिवस सिद्ध करण्याचे ओझे कामगारावरच असते. साक्षीला मात्र आम्ही काउंटरवाल्यांनी उभे राहिले पाहिजे. जयभीम!