रिकामी बंदूक



खंडेनवमी जवळ आली, की गावोगावी घरातली हत्यारे बाहेर निघतात. कोयते, कुऱ्हाडी, विळे, नांगराचे फाळ घासूनपुसून पाटावर मांडले जातात. ज्या घरी परवान्याची बंदूक असते, त्या घरी तीही खुंटीवरून खाली उतरते. तिला तेलपाणी होते, हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. घरातली लहान मुले भोवती बसून डोळे विस्फारून पाहत असतात. दृश्य मोठे छान असते. पण मला विचाराल, तर वर्षातल्या सगळ्या दिवसांत बंदुकीला सर्वांत जास्त हात लागतात ते याच दिवशी, आणि म्हणून सर्वांत जास्त जपायचे तेही याच दिवशी.

लहानपणी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या काकांकडे ठासणीची बंदूक होती. बागेत माकडे उतरत, भातात रानडुकरे शिरत, त्यासाठी घेतलेली. नवमीच्या आदल्या दिवशी काका ती पुसायला पडवीत बसले. आम्ही चारपाच पोरे समोर होतो. काकू आतून म्हणाल्या, "अहो, पोरं आहेत तिथं. बार भरलेला नाही ना?" काका हसून म्हणाले, "रिकामीच आहे गं!" आणि घोडा ताठ आहे का सैल, हे पाहताना तो त्यांच्या अंगठ्याखालून निसटला. पडवी धुराने भरून गेली. कौले खळाखळा खाली आली. पंधरा दिवसांपूर्वी रात्री भरलेला बार तसाच राहून गेला होता, आणि टोपीही काढायची राहिली होती.

त्या दिवशी कोणाला काही झाले नाही. का झाले नाही? काका बेसावध होते, तरी एक जुनी सवय त्यांच्या हाताला होती. बंदूक हातात घेतली, की नळीचे तोंड माणसाकडे करायचे नाही. नळी छपराकडे होती म्हणून आम्ही वाचलो. आता वर माळ्यावर कोणी असते तर? तो विचार काकांच्या मनातून पुढे कधी गेला नाही.

श्रोतेहो, आज मला सांगायचे आहे ते एवढेच. रिकामी बंदूक अशी वस्तू जगात नाही. तपासलेली बंदूक असते आणि न तपासलेली बंदूक असते. "रिकामी आहे" हे वाक्य माणूस आठवणीने बोलतो, आणि आठवण चुकते. डोळ्याने पाहिले आणि बोटाने चाचपले, तरच खरे.

जेफ कूपर नावाचे अमेरिकेच्या मरीन दलातले एक निवृत्त अधिकारी होते. १९२० चा त्यांचा जन्म, २००६ साली ते वारले. १९७६ मध्ये त्यांनी ॲरिझोना राज्यात सामान्य नागरिकांना पिस्तूल शिकवण्याची शाळा काढली. सगळी शिस्त त्यांनी चार नियमांत बसवली, आणि आज जगभर नेमबाजी शिकवणारे लोक तेच चार नियम थोड्याफार फरकाने सांगतात. ते मी आपल्या भाषेत सांगतो. पहिला, हातातले प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे धरून चाला. दुसरा, ज्यावर गोळी झाडायची नाही, त्याकडे नळीचे तोंड कधी वळवू नका. तिसरा, नेम धरून झाडायचे ठरेपर्यंत बोट चापावर नको, ते बाहेर, नळीच्या रेषेत सरळ ठेवा. चौथा, लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे आणि आजूबाजूला कोण आहे, हे ओळखल्याशिवाय बार काढू नका.

या चारांची गंमत अशी, की ते एकमेकांना आधार देतात. माणूस आहे, एखादा नियम एखादे वेळी मोडणारच. पण इजा व्हायला बहुधा एकाच वेळी दोन मोडावे लागतात. काकांचा पहिला मोडला, दुसऱ्याने आम्हांला तारले. म्हणून हे नियम पाठ करून भागत नाही, ते हाताला लागले पाहिजेत.

आता तपासायचे कसे, ते पाहू. प्रत्येक हत्याराची तऱ्हा वेगळी.

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे तोंडाकडून ठासलेले असतात. ते बाहेरून दिसत नाहीत. टोपी काढली तरी बार आत राहतोच. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे गजावरची खूण. बंदूक खरोखर मोकळी असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी जिथे येतो, तिथे खूण करून ठेवा. पुढे कधीही गज सोडला आणि खूण वरच राहिली, तर आत बार आहे असे समजा. मात्र हे करण्याआधी टोपी काढलेली हवी, आणि गज सोडताना तोंड किंवा तळहात नळीवर येता कामा नये.

बारा बोराची काडतुसाची बंदूक त्या मानाने प्रामाणिक. मोडून उघडली, की दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. म्हणून बांध, कुंपण किंवा ओढा ओलांडताना ती उघडावी, काडतुसे काढावी आणि मगच पाऊल टाकावे. कोणाच्या हाती द्यायची, तर उघडी द्यावी.

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचे फिरते घर असते, त्यात बहुधा सहा काडतुसे मावतात. ते उघडून सहाही घरे मोजावी, पाच नव्हे. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसावर टेकतो. हत्यार दगडावर आपटले, तर तेवढ्यानेही बार होऊ शकतो. म्हणून जुनी माणसे घोड्याखालचे एक घर मोकळे ठेवत. ती भित्री नव्हती, शहाणी होती.

सर्वांत फसवे ते पिस्तूल. त्याच्या दस्त्यात मॅगझिन असते. ते काढले, की नवख्याला वाटते, झाले, रिकामे! पण एक गोळी नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, बसलेली असू शकते. मग कोणी आधी वरची स्लाइड मागे ओढून ती गोळी काढतो आणि नंतर मॅगझिन काढतो. तेही चूक. कारण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी आत घेऊन जाते. क्रम एकच आहे. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड दोनतीनदा ओढा, मागे धरून ठेवा, आत पाहा, करंगळीने चाचपा. आणि पुन्हा एकदा पाहा.

स्वसंरक्षणासाठी ज्यांना रिव्हॉल्व्हर वा पिस्तुलाचा परवाना मिळाला आहे, त्यांच्याशी आता थोडे बोलतो. हत्यार नुसते कमरेला खोचणे, कोटाच्या खिशात किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर टाकणे किंवा कापडी पिशवीत घालून गाडीच्या सीटखाली सरकवणे, हे बाळगणे नव्हे, हा निष्काळजीपणा झाला. चाप कोणी ओढला, हे हत्याराला कळत नाही. बोटाने ओढला काय, किल्लीने अडकला काय, किंवा सदऱ्याच्या टोकाने दाबला काय, परिणाम एकच. म्हणून ज्यात चाप पूर्ण झाकला जातो असे घट्ट होल्स्टर हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि आपल्या ताब्यात राहील असेच न्यावे, असे सांगितले आहे. हत्यार परत आत घालताना घाई करू नका. पाहा, मध्ये काही अडकत नाही ना, आणि मग सावकाश बसवा. हातातून निसटले, तर हवेतल्या हवेत झेलू नका, पडू द्या. झेलायला गेलेले बोट नेमके चापावर पडते. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार ठेवून देऊ नका. चामडे ओल धरते आणि लोखंडाला गंज चढतो. आणि दारूचा घोट घेतलेल्या माणसाने त्या दिवशी हत्याराला हात लावू नये. याला अपवाद नाही.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर लगेच उघडून पाहू नका. कधी कधी दारू उशिरा पेटते. नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. ठासणीची असेल, तर एकदोन मिनिटे थांबा. आणि नेहमीपेक्षा बारीक, फुसका आवाज आला, तर पुढचा बार काढू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते.

काही जण म्हणतील, आम्हांला परवाना आहे, आम्हांला कोणी काय शिकवावे? परवाना म्हणजे परवानगी, कौशल्य नव्हे. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यायला सांगितले आहे. पण सायकलसारखे हे एकदा शिकून जन्मभर पुरत नाही. मान्यताप्राप्त रेंजवर जाऊन अधूनमधून हात चालवला पाहिजे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला रायफलमध्ये ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. अशा मोठ्या स्पर्धांतही पाहा, नेमबाजी चालू नसताना प्रत्येक हत्याराच्या चेंबरमध्ये झगझगीत रंगाची एक दोरी घातलेली असते. ती दिसली, की सगळ्यांना कळते, आत काही नाही. जगातल्या उत्तम नेमबाजांच्या शब्दावरही तिथे कोणी विसंबत नाही. मग आपण आपल्या आठवणीवर का विसंबावे?

लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत हवेत बार काढण्याची हौस अजून गेलेली नाही. वर गेलेली गोळी आकाशात राहत नाही, कोणाच्या तरी अंगणात उतरते. लहानशी .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा बेपर्वा बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, होऊ शकतात.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यासाठी. मुलांना एवढे जरूर शिकवा, की कुठेही बंदूक, पिस्तूल वा काडतूस दिसले, तर थांबायचे, शिवायचे नाही, तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. अमेरिकेत असे धडे शाळांतून दिले जातात. पण तिथेच असेही आढळून आले आहे, की नियम घडाघडा म्हणणारी लहान मुलेसुद्धा खरोखर हत्यार सापडले, की त्याला हात लावतात. यात मुलांचा दोष नाही, ते वयच तसे आहे. म्हणून धडा मुलांना द्या, पण कुलूप पालकांकडून लावून घ्या. हत्यार एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ल्या मोठ्यांच्या कनवटीला. उंच खुंटी म्हणजे कुलूप नव्हे. जे मूल लाडवाच्या डब्यापर्यंत पोहोचते, ते खुंटीपर्यंतही पोहोचते. पालकसभेत हा विषय एकदा काढाच. ज्या घरात बंदूक आहे तिथे आपल्या वर्गातले मूल खेळायला जात असेल, तर "कुलूप आहे ना?" असे विचारण्यात गैर काही नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी राहून जाते. आजोबा वारतात, त्यांच्या नावाची बंदूक फडताळात तशीच पडून असते. ती भरलेली आहे की नाही, हे सांगणारा माणूसच राहिलेला नसतो. कायद्याप्रमाणे वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. आपण होऊन उघडण्याचा खटाटोप करू नका. जाणत्याला बोलवा, किंवा ठाण्यात कळवा. निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करण्याचा हुकूम येतो, तेव्हाही घरीच तपासून, मोकळे करून मग न्या, आणि टेबलावर ठेवताना ते उघडे ठेवा.

काकांनी त्यानंतरही बंदूक पुजली. पण दर नवमीला आधी आम्हां पोरांना अंगणापार पाठवीत, गज सोडून खूण पाहत, मग काकूंना बोलावून तीच खूण दाखवीत. काकूंनी "हो" म्हटले, की मगच पुसायला घेत. दोन माणसांनी पाहिलेली बंदूक, तीच रिकामी, असे ते म्हणत. येत्या नवमीला आपल्या घरीही हा पायंडा पडावा, एवढीच विनंती.