पेटीवरील खूण आणि पेटीखालील जमीन



गोदावरीकाठचा नांदेड जिल्हा असो की मांजरेच्या खोऱ्यातील लातूर, गावातील सार्वजनिक विजेचा कारभार बहुधा एका लोखंडी पेटीतून चालतो. नळपाणी योजनेच्या पंपगृहात, विहिरीच्या काठावर, दिवाबत्तीच्या खांबाला, शाळेच्या व्हरांड्यात ती असते. पेटी बंद आहे, म्हणजे धोकाही बंद आहे, असा समज सार्वत्रिक आहे. दुर्दैवाने तो पुरता खरा नाही.

प्रथम खुणेविषयी. स्विच, सॉकेट, एम.सी.बी. अशा वस्तू गुणवत्ता नियंत्रण आदेशांन्वये आय.एस.आय. चिन्हाविना विकता येत नाहीत. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली ‘सी.एम./एल.’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. चिन्ह काय, कोणीही छापील. परवाना क्रमांक मात्र भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळून पाहता येतो.

परंतु येथेच एक गफलत होते. चिन्हांकित सुटे भाग आणून वर्कशॉपमध्ये जुळविलेले पॅनेल त्या चिन्हांमुळे प्रमाणित ठरत नाही. संपूर्ण पॅनेलसाठी आय.एस./आय.ई.सी. ६१४३९ ही स्वतंत्र मानकमाला आहे. तीनुसार उत्पादकाचे नाव, नमुन्याचा क्रमांक, निर्मितीचा काळ व मानकाचा क्रमांक दर्शविणारी पट्टी पॅनेलवर असावी लागते. खरेदीच्या निविदेत ‘उत्तम प्रतीचे पॅनेल’ एवढेच लिहिणाऱ्या पंचायतीला उत्तम रंगाचे पॅनेल मिळते.

पेटीवरील ‘आय.पी.’ अक्षरांपुढचे दोन अंकही वाचावेत. पहिला अंक धूळ व बोट आत जाण्यापासूनचे, तर दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. आय.पी. २० ची पेटी बोट अडविते, पाणी मुळीच नाही. आय.पी. ५५ ची पेटी धूळ बऱ्याच अंशी व पाण्याचा फवाराही रोखते. मात्र केबलसाठी पाडलेले भोक ग्लँड न बसविता तसेच ठेवले, की हे अंक निरर्थक होतात. मग पाली, मुंग्या आणि पावसाचे पाणी यांना वाट मोकळीच.

आता पेटीखालील जमिनीकडे वळू. आतील तार सैल होऊन पत्र्याला टेकली, की पेटीत २३० व्होल्टचा दाब उतरतो. अर्थिंगचा रोध २० ओहम असेल तर जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. तेवढ्याने ३० अँपिअरचा फ्यूज वितळत नाही. पेटी जिवंतच राहते आणि ओल्या वाफ्यातून अनवाणी आलेला माणूस तिला हात लावतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थिंगच्या नळीपासून सुटते व रोध वाढतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याची आठवण कोणाला राहणार? म्हणूनच ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारे आर.सी.सी.बी. मनुष्यरक्षणासाठी अर्थिंगच्या जोडीने बसविणे इष्ट. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

२५० व्होल्टच्या वरच्या मोटारीच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग हवे, ही अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासूनची आहे. कवटी व हाडांची धोक्याची पाटीही तशीच जुनी आणि ती स्थानिक भाषेतही असावी लागते. उन्हाने रंग उडालेली पाटी असून नसल्यासारखीच. शिक्षकांनी ही पाटी मुलांना ओळखावयास शिकविली, तर त्या धड्याला वेगळे पुस्तक नको.

अर्थिंगची मोजणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि तीही मे महिन्यात करून घ्यावी. भर पावसाळ्यातील आकडा फसवा असतो. तो आकडा व तारीख पेटीच्या दाराच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावी, म्हणजे पुढील मे महिन्यात ताडून पाहता येईल.