जहाजाचं वय

आलिशान जहाजातून सागरी सफरीला जायचं ठरवणाऱ्या माणसाला एक शंका हमखास छळते. 'तिथे सगळे म्हातारेच असतात का हो?' विचारणारा बहुधा चाळिशीतला असतो. पैसे त्याने काटकसर करून साठवलेले असतात, आणि आठ दिवस एखाद्या तरंगत्या विरंगुळा केंद्रात अडकून पडलो तर काय, ही त्याला धास्ती असते.

शंका जुनी आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८६७ साली 'क्वेकर सिटी' या जहाजातून न्यूयॉर्कहून युरोप आणि जेरुसलेमच्या सहलीला निघाला, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्याला वाटलं होतं, नाचगाणी होतील, थट्टामस्करी रंगेल. निघाले बहुतेक सहप्रवासी चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यानचे, आणि संध्याकाळी प्रार्थना. परत आल्याबरोबर त्याने वर्तमानपत्रात लिहून टाकलं, की ही सहल कमी आणि अंत्ययात्राच जास्त होती. या प्रवासावरचं त्याचं 'द इनोसंट्स अब्रॉड' हे पुस्तक १८६९ साली आलं आणि खूप गाजलं.

श्रोतेहो, जहाजावरच्या वयाचं गणित तसं सोपं आहे. ते सफरीच्या दिवसांवरून मांडावं. मायामीहून बहामा बेटांना तीन-चार रात्रींची फेरी असेल तर तरुणांचे घोळके असतात. शाळांच्या सुट्टीत आठवडाभराची कॅरिबियन सफर असेल तर मुलाबाळांचा गलका. आणि जानेवारीत साउदॅम्प्टनहून शंभर दिवसांच्या जगप्रदक्षिणेला निघणारं जहाज असेल, तर डेकवर पांढरे केसच अधिक दिसणार. शंभर दिवसांची रजा नोकरदाराला कोण देतो? पैसा तरुणांकडेही असतो, सवड नसते.

कंपन्यांनी हे बरोबर ओळखलं आहे. १९७२ साली सुरू झालेल्या कार्निव्हलने शिष्टाचार बाजूला ठेवून धमाल विकली. डिस्नेची जहाजं १९९८ पासून मुलांना डोळ्यांसमोर ठेवून निघाली. ब्रिटनची सागा ही कंपनी पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी, तर २०२१ पासून प्रवासी नेणारी व्हर्जिन व्हॉयेजेस अठराच्या आतल्यांना घेतच नाही. आज जगभरच्या सागरी प्रवाशांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे. तेव्हा 'सगळे म्हातारे' हे लांब पल्ल्याच्या, महागड्या सफरींपुरतंच खरं.

पण या लांब सफरीचं वातावरण तरी मरगळलेलं असतं का? ज्येष्ठांना जहाज आवडतं याचं कारण साधं आहे. बॅग एकदाच उघडायची. हॉटेल आपल्याबरोबर चालतं. गुडघे कुरकुरले तर लिफ्ट आहे, रात्री छातीत दुखलं तर डॉक्टर आहे. 'क्वीन मेरी २'च्या डेकला तीन फेऱ्या मारल्या, की मैल पुरा होतो. दुपारी पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा देतात. मोठ्या जहाजांवर शवागारही असतं. त्याचा बोभाटा कुणी करत नाही, आणि त्यामुळे कुणी नाचायचंही थांबत नाही.

नाचावरून आठवलं. क्युनार्डसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर एकट्या आलेल्या वयस्क स्त्रिया बऱ्याच असतात, आणि नाचायला जोडीदार तर हवा. म्हणून कंपनी सभ्य, नृत्यात तरबेज असे पुरुष नेमते. त्यांनी एकट्या आलेल्या स्त्रियांबरोबर नाचायचं, पण एकीबरोबरच सारी संध्याकाळ घालवायची नाही, असा दंडक असतो. ऐकताना हसू येतं. मला मात्र यात मोठी समजूत दिसते. सत्तरी ओलांडलेल्या विधवेला नाचावंसं वाटू शकतं, हे कुणीतरी गृहीत धरलं आहे आणि तिची तशी सोयही केली आहे.

आपल्याकडे उतारवयातल्या प्रवासाला देवाचं निमित्त लागतं. काशी, चारधाम, पंढरी. आमच्याकडे हज. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाहला हाजींची जहाजं जात. त्यांतही वृद्ध पुष्कळ असत, कारण मुलींची लग्नं, देणीघेणी उरकल्यावरच निघायचं अशी रीत होती. जाण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणायचं. तो प्रवास हिशेब मिटवण्याचा. त्याची थोरवी वेगळी आहे. पण हिशेब मिटल्यावर नुसत्या मौजेसाठी घराबाहेर पडायला आपण आजीला परवानगी देतो का? तिने नाचाचे बूट मागितले, तर घरात काय बोललं जाईल?

या जहाजांना आणखी एक वय असतं, ते प्रवाशांच्या यादीत सापडत नाही. ते कामगारांचं. पी अँड ओच्या जुन्या जहाजांवर डेकचे खलाशी आमच्या रत्नागिरीकडचे मुसलमान असत, आणि वाढपी गोव्याचे. आजही गोव्यातली, मुंबईतली, कोकणातली कितीतरी पोरं अशा जहाजांवर आहेत. कित्येक महिन्यांचा करार, रोज दहा-दहा तास काम, आठवड्याची सुट्टी नाही. कुठल्या आजींना चहात साखर चालत नाही, कुठल्या आजोबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे त्या पंचविशीतल्या पोराला पाठ असतं. त्याची स्वतःची आजी त्याला दिसते ती फोनच्या पडद्यावर.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज करोनामुळे अडकलं. जहाजावर ३,७११ माणसं होती. निम्म्याहून अधिक प्रवासी साठीपुढचे. ते खोल्यांत बंद झाले, आणि त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवत राहिले ते कामगार. सातशेहून अधिक जणांना लागण झाली, त्यात कामगारही होते. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांतले प्रवासी सहा आणि कामगार १३२. आपलं या जहाजांशी असलेलं नातं या दोन आकड्यांत आलं.

हे नातं आता थोडं बदलतंय. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलियाच्या दोन-चार रात्रींच्या सफरी सुरू झाल्या. सफर आखूड म्हटल्यावर गर्दी कुटुंबांची आणि मित्रमंडळींची, हे ओघानेच आलं.

तेव्हा श्रोतेहो, जहाजावर म्हातारे किती असतील याची चिंता नको. सफर किती दिवसांची, एवढं विचारा, उत्तर मिळेल. लांबच्या सफरीवर गेलात, तर संध्याकाळी नाचघरात जरूर डोकवा. तिथे पाय अडखळत असतील, ठेका चुकत असेल, पण कुणी कुणाला 'या वयात?' असं म्हणत नसेल. आणि बाजूला ट्रे घेऊन उभ्या असलेल्या पोराला त्याचं गाव विचारा. ते दापोली किंवा मडगाव निघालं, तर दोन शब्द आपल्या भाषेत बोला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)