भाकरीतील सूर्यप्रकाश



झाड काय खाते, असा प्रश्न वर्गात विचारला, तर ‘माती’ किंवा ‘खत’ असे उत्तर बहुधा मिळते. शेतकऱ्याच्या मुलाने शेतात खत पडताना पाहिलेले असते; तेव्हा त्याचे उत्तर स्वाभाविक होय. परंतु ते बरोबर नाही. जमिनीतून झाडास पाणी व क्षार मिळतात. अन्न ते आपल्या पानांत स्वतः सिद्ध करते आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा सूर्यप्रकाशातून घेते.

ही ऊर्जा पकडली कशी जाते? पानाच्या पेशींत सूक्ष्म हरितकण असतात. त्यांच्या आतील पातळ पडद्यांत हरितद्रव्याचे रेणू दाटीने रचलेले असतात. हे द्रव्य तांबडे व निळे किरण विशेषेकरून शोषते, हिरवे त्या मानाने कमी; म्हणून पान हिरवे दिसते. छपरावर सर्वत्र पडलेले पावसाचे पाणी पन्हळीतून एका हौदात यावे, तशी शेकडो रेणूंनी टिपलेली ऊर्जा एका केंद्रापाशी येते. तिच्या बळावर तेथील इलेक्ट्रॉन पुढे ढकलला जातो. त्याची रिकामी जागा पाण्यापासून मिळालेला इलेक्ट्रॉन भरून काढतो. या क्रियेत पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो. अशा रीतीने साठविलेल्या ऊर्जेवर हवेतील कर्बाम्ल वायूपासून, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडपासून, शर्करा तयार होते. हेच प्रकाशसंश्लेषण.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यास उन्हाची वाण नाही. वाण आहे ती पाण्याची. पावसाने ओढ दिली की ओलावा राखण्यासाठी पान आपली रंध्रे मिटते. मग कर्बाम्ल वायू पुरेसा आत येत नाही. ऊन मात्र पडतच राहते. पान जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देते. तेही अपुरे पडले, तर प्रकाश टिपणाऱ्या यंत्रणेसच इजा होते. अन्न देणारे ऊन असे भार होऊन बसते.

ज्वारी, बाजरी व मका यांच्यापाशी यावर एक तोड आहे. ही पिके कर्बाम्ल वायू प्रथम एका आम्लात बांधतात व शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन तेथे त्याचा साठा करतात. त्यामुळे रंध्रे थोडी उघडूनही काम भागते. उसातील ही रीत हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 साली उलगडून दाखविली. कापूस व तूर यांच्यात ती नाही. कोरडवाहू रानात बाजरी तग धरते, त्याचे हे एक कारण होय.

वर्गात पुढील प्रयोग अवश्य करावा. कुंडीतील जास्वंद दोन दिवस अंधारात ठेवावी. नंतर एका पानाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी चार-पाच तास उन्हात ठेवावी. ते पान तोडून, पट्टी काढून, उकळत्या पाण्यात बुडवावे व स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवावा. स्पिरिट पेट घेते. म्हणून विस्तव विझवून त्याचे भांडे गरम पाण्यात ठेवावे, आणि हे काम शिक्षकाने स्वतः करावे. शेवटी पान धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकावेत. उघडा भाग पिष्टामुळे काळसर निळा होतो. झाकलेला होत नाही.

माती त्या पानास एकच होती, पाणीही एकच; भेद होता तो प्रकाशाचा. हा निष्कर्ष शिक्षकाने फळ्यावर लिहून देऊ नये. तो मुलांच्या तोंडून येऊ द्यावा. मग डब्यातील भाकरीत ऊन कसे आले, हेही तीच सांगतील.