चानीच्या आईला कुणी विचारलं?

(मुलुंड येथे महिलांच्या वाचनमंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'चानी'वर बोलायचं आहे. खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू. जन्म १९३० सालचा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथला. १९७७ साली व्ही. शांतारामांनी 'चानी'वर चित्रपट काढला, रंजना त्यात चानी झाली होती. बऱ्याचजणींनी तोच पाहिला असेल.

कोकणातलं गाव त्या काळी बेटासारखंच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला घाट. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट पावसाळ्यात बंद. पूर्ण मार्गावर रेल्वे धावली ती थेट १९९८ साली. (तसं आपण अंधेरी-मुलुंडवाल्याही साष्टी बेटावरच राहतो, पण लोकलच्या गर्दीत ते कुणाला आठवतंय!) अशा गावात बाईला तोंड लपवायला दुसरी जागा नसते.

चानी ही गावातल्या बाईला गोऱ्या साहेबापासून झालेली मुलगी. आपण म्हणतो, घराण्याचं गुपित. पण गुपित कसलं? पोरीचा रंगच सगळं सांगतो. लहानथोर सगळ्यांना ठाऊक. साहेब केव्हाच निघून गेला, त्याला जाब विचारायला कुणी नाही. वाळीत पडते ती पोर. आणि जे पुरुष तिला दिवसा गावाबाहेर ठेवतात, त्यांच्या नजरा तिच्या अंगावरून हटत नाहीत. हे खानोलकरांनी फार निर्भीडपणे लिहिलंय.

माझी तक्रार वेगळी आहे. चानी आपल्याला दिसते ती दिनू या मुलाच्या डोळ्यांनी. ते डोळे निर्मळ आहेत, म्हणून आपण रडतो. पण तिच्या आईचं काय? बळजबरी झाली, की पोटासाठी गेली, की जीव जडला होता? तिच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं, तर ही कादंबरी आपल्याला रडवून थांबली नसती, तिने आपल्याला चिडवलं असतं.

हे जुनं झालं असं समजू नका. शाळेच्या अर्जावरचा 'वडिलांचे नाव' हा रकाना म्हणजे तेच गाव. घाटकोपरच्या एका बाईने तिथे रेघ ओढली, तर कारकुनाने सगळ्या रांगेसमोर मोठ्याने विचारलं, "बाप नाही?" ती अर्ज परत घेऊन घरी आली.

कायदा हळूहळू सरकतोय. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक मानण्याची वाट मोकळी केली. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितलं, की अविवाहित आईला पालकत्वाच्या अर्जात बापाचं नाव उघड करण्याची सक्ती नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आलं. पण त्यामागे वडिलांचं नाव नि आडनाव आहेच.

घाटकोपरची ती बाई पुढल्या आठवड्यात पुन्हा शाळेत जाणार आहे. २०१५च्या निकालाची प्रत तिला काढून दिली आहे. सोबत कोण येतंय, ते चहाच्या वेळी सांगा.