पिशवी खुंटीवरच राहिली
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटे दिली आहेत. त्यांत मी एका वहीविषयी बोलणार आहे. ती वही माझ्या चुकीमुळे सुरू झाली, म्हणून चूकही सांगते.

मोशेची गोष्ट आपल्याला संडेस्कूलपासून पाठ आहे. आईने तान्ह्या बाळाला लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यात घालून नदीकाठी ठेवले. पण त्या गोष्टीतल्या बहिणीला आपण चटकन विसरतो. ती घरी निघून गेली नाही. बाळाचे पुढे काय होते, ते लांब उभी राहून पाहत राहिली आणि राजकन्येला बाळ सापडताच पुढे होऊन बोलली. म्हणून ते बाळ पुन्हा आपल्याच आईच्या मांडीवर आले. पेटारा विणणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. काठावर उभे राहणारे कमी पडतात.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरची ही दोन भावंडे. बहीण सात वर्षांची, भाऊ तीन. आई वारलेली. दिवाळीनंतर वडील मुकादमाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले, ते हंगाम संपला तरी परतले नाहीत. मुलांना बाल कल्याण समितीपुढे आणले आणि समितीने त्यांना एका प्रतिपालक कुटुंबात ठेवले. प्रतिपालन म्हणजे दत्तक नव्हे. मुलाचे कायमचे ठिकाण ठरेपर्यंत त्याला सांभाळणारे ते घर.

घर चांगले होते. मी दर महिन्याला जात असे आणि फाइलमध्ये लिहीत असे, 'मुले खुशाल. शाळेत जातात. वजन ठीक.' त्यात खोटे काही नव्हते. अशी दोन वर्षे गेली.

एक दिवस त्या घरातल्या आईने मला खुंटीवरची कापडी पिशवी दाखवली. मुलीने स्वतःचे आणि भावाचे कपडे कधी कपाटात ठेवलेच नव्हते. धुऊन, घडी करून पुन्हा पिशवीत. मी कारण विचारले तर म्हणाली, "ताई, कधी निघायचं ते तुम्ही सांगितलंच नाही."

त्या रात्री मी फाइल पहिल्या पानापासून वाचली. 'वडिलांचा शोध घ्यावा' एवढेच लिहिले होते. कोणी घ्यावा, कधीपर्यंत, आणि सापडले नाहीत तर पुढे काय, यांतले काहीच नव्हते. त्याच पानावर मुलांच्या मावशीचे नाव आणि गाव होते. शेजारचाच तालुका. दोन वर्षांत तिच्याकडे कोणी गेले नव्हते. मीही नाही.

मी गेले. मावशी म्हणाली, "मी एकदा कचेरीत आले होते. कागद आणा म्हणाले. कोणते ते कळलं नाही, मग माघारी फिरले."

मुलांची आणि तिची भेट घडवली. मावशी पावरीत बोलू लागली. मुलीने उत्तर दिले. धाकट्याला मात्र काही कळेना. तीन वर्षांचा पोर पाच वर्षांचा झाला होता आणि आपली बोली विसरला होता. बहीण मध्ये बसून एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगत होती. हे नुकसान माझ्या नावावर आहे.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसता आसरा द्यायला सांगत नाही. मूल समितीपुढे प्रथम आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश देता यावा, अशा बेताने चौकशी पुरी करायची आहे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र संगोपन आराखडा हवा. मूल आपल्या माणसांत परतावे, हा पहिला प्रयत्न. पण कायद्यातली मुदत आपोआप पाळली जात नाही. कोणीतरी दिवस मोजावे लागतात.

म्हणून ही वही. दर मुलाला एक पान आणि पानावर पाच प्रश्न. मूल आज कुठे आहे? शेवटी कुठे राहणार : आईवडिलांकडे, नातेवाइकांकडे, दत्तक घरी, की अठरा वर्षांचे होईपर्यंत प्रतिपालक घरीच आणि नंतर स्वतःच्या पायांवर? ती वाट बंद झाली तर दुसरी कोणती? पुढचे काम कोणाचे? कोणत्या तारखेपर्यंत? दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एकेक पान मोठ्याने वाचतो. तारीख उलटली असेल तर लाल शाईची खूण. लाल खूण झाली की त्याच आठवड्यात जायचेच. आणि ठरलेले मुलाला त्याला समजेल अशा शब्दांत सांगायचे, कारण ते पान त्याचे आहे.

आता आपल्याकडे मागणे. नाताळात कपडे, खाऊ देता त्याबद्दल आभार. यंदा एखाद्या मावशीच्या, आजोबांच्या शोधासाठी मोटारसायकलीचे पेट्रोलही द्या. पावरी, भिली, मावची बोलणारे कोणी असाल तर आमच्याबरोबर चला. अडाणी नातेवाइकाला कागद जमवून द्या. ज्या कुटुंबांना मूल सांभाळण्याची इच्छा आहे, त्यांनी समितीमार्फतच या. परस्पर मूल घरी नेऊ नका. आणि मूल परत देण्याची तयारी ठेवून या. त्याचा पाडा, त्याची बोली, त्याचे सण त्याच्यापाशी राहू द्या.

काही महिने सुट्टीत येणे-जाणे झाल्यावर समितीच्या आदेशाने दोन्ही मुले मावशीकडे गेली. बालसंगोपन योजनेचा अर्ज मंजूर झाला. दर मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. पहिल्या रात्री धाकटा प्रतिपालक आईसाठी खूप रडला. ती माउली अजून नाताळात त्यांना भेटायला जाते. वडील सापडलेले नाहीत. त्यांच्या शोधाचे पान वहीत उघडे आहे, पुढची तारीख घालून.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा मुलांचे कपडे मावशीच्या पत्र्याच्या पेटीत होते. पिशवी कुठे, म्हणून मी विचारले. मावशी ती घेऊन बाजाराला गेली होती.